सतराव्या शतकातली माझी हनुवटी

मी एकदा माझी स्वतःची दुसरी हनुवटी पावाने पुसून टाकली. गालावरचा तीळही पुसला, आणि हात लागलाच होता म्हणून डोळ्यांखालच्या दोन पिशव्याही. हे सगळं मी चोरून केलं, एका शुक्रवारी सकाळी, घरात कुणी नसताना. केल्यावर स्वतःवर इतकी खूश झाले की लागोपाठ दोन कप चहा प्यायले. तेव्हा माझं वय त्रेचाळीस होतं. एवढ्या वयाच्या बाईला अक्कल असते असा तुमचा समज असेल, तर तुम्ही त्या वेळच्या मला भेटलेला नाहीत.

ती हनुवटी कागदावरची होती, हे सांगायचं राहिलं. ज्या माणसाने ती काढली त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या सकाळी माझ्या डायनिंग टेबलावर पसरलेलं होतं, आणि मी त्यावर पाव चोळत होते.

त्या माणसाला तुम्ही पाहायला हवं होतं. एक डोळा बंद, उजवा हात समोर ताठ, हातात खडूचा तुकडा उभा धरलेला आणि त्यावर अंगठा सरकतोय. समोरच्याच्या नाकाचं माप चाललंय. मग तो हात खाली न घेताच, अगदी हळू आवाजात, दवाखान्यात सांगावं तसं सांगणार, "हलू नका. तुम्ही आता सतराव्या शतकात आहात."

आम्ही तेव्हा कतारला, दोह्यातल्या बिन महमूद भागात राहत होतो. नव्याण्णव-दोन हजारच्या सुमाराची गोष्ट. आज जिथे लुसैल या नव्या शहराचे मनोरे आहेत तिथे तेव्हा नुसती वाळू होती. आमची इमारत तीन मजली, खाली लाँड्री, त्यामुळे जिन्यात कायम इस्त्रीचा वास. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये चार बॅचलर राहायचे. बॅचलर म्हणजे तिकडच्या भाषेत ज्यांच्या बायका गावी आहेत ते. त्यांतले एक हे मास्तर. वसईचे कॅथलिक, पन्नाशी ओलांडलेले, काडीसारखे बारीक. ऑगस्टमध्येसुद्धा शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. गुरुवारी संध्याकाळी इमारतीतल्या मुलांना चित्रकला शिकवायचे म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. आमच्याशी बोलताना मराठी अगदी पुस्तकातलं. फोनवर बायकोशी मात्र वसईची बोली, ती मला निम्मीच कळायची, पण भांडण चाललंय की प्रेम, एवढं नक्की कळायचं.

पोटासाठी ते ड्राफ्ट्समन होते. एका एसीच्या कंत्राटदाराकडे दिवसभर डक्टची, म्हणजे थंड हवेच्या पत्र्याच्या नळांची, ड्रॉइंग काढायचे. ते म्हणायचे, "वहिनी, पंधरा वर्षं मी हवेची चित्रं काढतोय. हवा काही तोंड दाखवत नाही."

त्यांना तोंडं हवी होती. घर आवरून मायदेशी चाललेल्या एका युरोपियन कुटुंबाकडून त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, मुखपृष्ठ फाटलेलं. त्यात तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सरदार-उमरावांची चित्रं होती. रंगीत नव्हेत, खडूने काढलेली. करड्या-निळसर कागदावर लाल, काळा आणि पांढरा, बस. कुरळ्या केसांचे टोप घातलेले सरदार, झालरीच्या कॉलरीतल्या बायका, बटबटीत डोळ्यांचे पाद्री. मास्तर त्या लोकांबद्दल असे बोलायचे की जणू ते तिसऱ्या मजल्यावर राहतात.

"ही बाई बघा," ते एकदा मला म्हणाले. "चार मुलं, नवरा लढाईवर, आणि दाढ दुखतेय."

"हे सगळं लिहिलंय खाली?"

"नाही. ओठ बघा ना. दाढ ओठांच्या आत काढलीय."

मी बघितलं. मला ओठच दिसले. पण मान अशी हलवली की दाढ दिसली.

त्यांच्याकडूनच मला कळलं की त्या काळी चित्रकाराला आश्रय द्यायची पद्धत होती. एखादी उमरावीण चित्रकाराला पदरी ठेवायची, जेवूखाऊ घालायची, आणि तो तिची चित्रं काढायचा. हे ऐकून बाईसाहेबांचे, म्हणजे माझे, डोळे चमकले.

"म्हणजे जेवायला घालायचं आणि त्याने आपलं चित्र काढायचं?"

"थोडक्यात तसंच."

"आणि कसं काढायचं ते आपण सांगायचं?"

"सांगायचे सगळेच. चांगला चित्रकार ऐकून घ्यायचा." मग त्यांनी चष्मा पुसला. "वहिनी, कपडे खोटे चालतात. मागचे खांब, पडदे, कुत्रा, सगळं खोटं चालतं. चेहरा खोटा काढला तर तो माणूस चित्रकार नव्हे, शिंपी."

यातलं पहिलं वाक्य मी पाठ केलं. शेवटचं कानात शिरलंच नाही.

अशा रीतीने मी आश्रयदाती झाले. दर शुक्रवारी दुपारी मास्तर आमच्याकडे जेवायला, आणि जेवणानंतर माझं चित्र. घरच्यांनी या पदाला जो मान द्यायला हवा होता तो दिला नाही. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "आश्रयदाती, चहा मिळेल का?" मुलगी गौरी तेव्हा तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर सगळं इंग्रजीत यायचं. तिच्या आईने उमरावीण व्हायचं ठरवलंय हे कळल्यावर ती फक्त "ओ गॉड" म्हणाली आणि तिने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

पण मी कामाला लागले होते. त्या पुस्तकातल्या बायकांच्या गळ्याभोवती ताटाएवढी झालरीची कॉलर असते. मी जुन्या पडद्याची जाळी कापली, तांदळाची खळ केली, निऱ्या घालून खालच्या लाँड्रीतून कडक इस्त्री करून आणली. लाँड्रीवाल्याने विचारलं, हे नेमकं कशाचं झाकण आहे. ती कॉलर घातली की मला खाली बघता येत नसे. पहिल्या दिवशी मी तशीच वरण वाढायला गेले आणि ह्यांच्या पानाऐवजी ह्यांच्या मांडीवर वाढलं.

त्या बायकांच्या मांडीवर एक छोटं कुत्रंही असतं. आमच्याकडे कुत्रं नव्हतं. मास्तर म्हणाले, "उशी धरा. कुत्रा मी नंतर घालीन." म्हणून मी सहा शुक्रवार सोफ्यावर, गळ्यात खळीची झालर घालून, उशी कुरवाळत बसले. दुसऱ्या शुक्रवारी गौरी खोलीतून पाणी प्यायला बाहेर आली, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, यू लुक लाइक द सोफा."

हातांचा वेगळाच घोळ झाला. माझे हात एका जागी राहीनात. पंखा गरगरला की केस सारायचे, कुकरची शिट्टी झाली की बोटं मोजायची. मास्तर शांतपणे म्हणाले की त्या काळीही उमरावांना वेळ नसे, ते चेहऱ्यापुरते बसायचे आणि हात दुसऱ्याचे घ्यायचे. मग ते खाली गेले आणि त्यांच्या खोलीतल्या ज्ञानूला घेऊन आले. ज्ञानू सांगलीकडचा, वेल्डर, पहिलवानी अंगाचा. आल्या आल्या दारातच अवघडला.

"मास्तर, बाईमाणसाला माझं हात शोभत्यात व्हय?"

"तू फक्त उशी धर."

ज्ञानूने उशी धरली. लग्नात दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखी, हळूच. त्या चित्रात तुम्ही नीट पाहिलं असतंत, तर माझ्या चेहऱ्याखाली एका वेल्डरचे हात होते आणि अंगठ्यावर भाजल्याची खूणसुद्धा होती.

कागद हाही विनोदच होता. तसा निळसर कागद दोह्यात कुठे मिळेना. मग मास्तरांनी ऑफिसातून जुने अमोनिया प्रिंट आणले. ड्रॉइंगच्या प्रती असतात त्या, त्यांना जुन्या झाल्या की निळसर झाक येते. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते काढायचे. माझ्या चित्राच्या पाठीमागे कुठल्या तरी हॉटेलच्या किचनमधल्या एक्झॉस्ट डक्टचा नकाशा होता. हे म्हणाले, "चांगलं आहे. श्वास घ्यायची सोय झाली."

आणि पाव. मास्तर खोडरबर वापरत नसत. रबराने कागद खरवडतो म्हणायचे. त्या काळचे चित्रकार पावाचा मऊ गर वापरायचे. म्हणून दर शुक्रवारी आल्यावर ते माझ्याकडे ब्रेडचे दोन स्लाइस मागत. एका स्लाइसच्या गोळ्या करून त्याने पुसत आणि दुसरा खाऊन टाकत. मला महिनाभर वाटत होतं की बिचाऱ्यांना माझं जेवण पुरत नाही.

सहाव्या शुक्रवारी ते खडू खाली ठेवून मागे सरकले आणि म्हणाले, "हा चेहरा बसला."

मी उठून बघायला गेले. आता खरं सांगते, त्यात मी होते. पूर्ण मी. एक भुवई वर, कुणाची तरी चूक पकडल्यासारखी. गालावर तीळ, तिळावर तो एक केस. आणि हनुवटीखाली दुसरी हनुवटी, शांत, भरदार, कॉलरीवर टेकलेली.

"इथली सावली बघा," मास्तर तिच्यावरून हवेत बोट फिरवत म्हणाले. "किती सुंदर पडलीय. आयुष्यात अशी हनुवटी मला पुन्हा मिळायची नाही."

मी "छान" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टीलच्या डब्यात स्वतःला बघितलं. डब्यात तर तीन दिसत होत्या.

त्याच आठवड्यात मास्तरांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. हाताने डक्ट काढणाऱ्या पाच जणांना साहेबाने बोलावून सांगितलं, खलास, आता गरज नाही. महिनाअखेर परतीचं तिकीट. मास्तरांच्या दोन मुली वसईला शिकत होत्या. ते आमच्याकडे आले तेव्हा सारखं बटणाला हात लावून बघत होते, लागलंय ना.

पण जाता जाता त्यांच्या साहेबाने एक गोष्ट सांगितली होती. त्याचा एक म्हातारा कतारी अरबाब होता. अरबाब म्हणजे मालक. या म्हाताऱ्याचं घराणं एके काळी मोत्यांच्या व्यापारातलं. त्याच्या बैठकीत, तिला ते मजलिस म्हणतात, युरोपातल्या उमरावांची आठ जुनी चित्रं लावलेली होती, परदेशातून एकदमच घेऊन आलेली. कुणाची कोण, त्यालाही माहीत नव्हतं. आता त्याच्या मनात आलं होतं की त्यांच्या जागी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची तशीच चित्रं लावावीत. त्याला माणूस हवा होता. पसंत पडला तर स्वतःच्या व्हिसावर घेणार होता. अट एकच. एकाने त्याला फोटोवरून काढून फसवलं होतं, म्हणून त्याने सांगितलं होतं की चित्र आणा आणि ज्याचं काढलंय ते माणूसही आणा. मी दोघांना शेजारी बसवून बघणार.

"माझ्याकडचा सगळ्यात चांगला चेहरा तुमचा आहे, वहिनी," मास्तर म्हणाले. "याल का?"

आश्रयदातीने मान डोलावली. मनात म्हणाली, ती हनुवटी घेऊन? परक्या माणसाच्या बैठकीत?

खालच्या खोलीत चौघांचं तळण-धूम्रपान चालायचं, म्हणून चित्र माझ्याकडेच ठेवलं होतं. शुक्रवारी सकाळी मास्तर प्रार्थनेला गेले. हे गौरीला क्लासला सोडायला गेले. मी कपाटातून चित्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि ब्रेडचा पुडा उघडला.

सुरुवात फक्त तिळापासून केली. नव्हे, तिळावरच्या केसापासून. तो गेला आणि गाल इतका मोकळा वाटायला लागला की तीळही गेला. मग डोळ्यांखालचं. मग मी नवीन स्लाइस घेतला, श्वास रोखला आणि हनुवटीला हात घातला. सहा शुक्रवारांची सावली चार गोळ्यांत निघून आली.

आता अडचण अशी झाली की हनुवटी गेल्यावर चेहरा आणि मान यांचा काही संबंध उरला नाही. चेहरा वर तरंगतोय, कॉलर खाली वाट बघतेय. मग मी भुवयांची पेन्सिल आणली आणि एक छानशी टोकदार हनुवटी काढली. पांढरा खडू मास्तरांच्या खिशात होता, म्हणून उजेडाच्या जागी टाल्कम पावडर लावली. दूर जाऊन बघितलं. पंचविशीची दिसत होते. खरं म्हणजे कुणीतरी पंचविशीची दिसत होती. मग ते दोन कप चहा.

चित्र मी बटर पेपरमध्ये गुंडाळलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून टाकली. चार वाजता मास्तर आले. शर्ट नवा, केस ओले. म्हणाले, "एकदा बघून घेतो."

"आता उघडू नका, मास्तर. शुभकार्याआधी उघडत नाहीत."

असं काही आमच्यातही नाही. पण ते परक्या धर्माचा मान राखणारे, लगेच हात मागे घेतला.

हे गाडी चालवत होते, मास्तर पुढे पाकीट मांडीवर धरून ताठ, मी मागे.

अरबाबची बैठक म्हणजे सोनेरी खुर्च्यांचा बाजार होता. भिंतीवर ते आठ उमराव. म्हातारा उंच, पांढऱ्या दाढीचा, हातात मण्यांची माळ. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला राहिलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा, जुन्या मुंबईची. आम्ही भिंतीकडे बघतोय हे पाहून म्हणाला, "मेहमान पूछता है, ये तुम्हारा कौन? मैं बोलता, किराएदार."

कॉफी आली. इवलासा कप, तो हलवून दाखवला नाही तर तिकडे पुन्हा भरतात. ह्यांना ते माहीत नव्हतं. पुढचा सगळा प्रसंग घडेपर्यंत हे अकरा कप कॉफी प्यायले.

मला एका सोनेरी खुर्चीत बसवलं. शेजारच्या खुर्चीत मास्तरांनी पाकीट ठेवलं, पट्ट्या काढल्या, कागद बाजूला केला आणि ते आदराने मागे सरले. त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही. ते अरबाबच्या चेहऱ्याकडे बघत होते.

अरबाबने माझ्याकडे बघितलं. चित्राकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. मग विचारलं, "ये कौन है?"

तेव्हा मास्तरांनी चित्र पाहिलं.

मी त्यांचा कान पाहिला. तो लाल झाला. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खालच्या गालिच्याकडे, आणि नजर तिथेच राहिली. ओठ घट्ट मिटलेले.

"इसका छोटा बहन है?" अरबाब म्हणाला. "मैंने बोला था, जिसका है उसको लाओ. बहन को क्यों नहीं लाया?"

मास्तर गप्प. ह्यांचा कप भरला गेला.

"फोटो से बनाया?"

मास्तर गप्प. अरबाबने माळ खिशात ठेवली आणि खुर्चीच्या हातांवर जोर दिला, उठण्यासाठी. मास्तरांचं तिकीट मला त्यांच्या कपाळावर छापलेलं दिसायला लागलं. आणि तरी हा माणूस माझं नाव घेत नव्हता. आश्रयदातीला उघडं पाडत नव्हता.

"साब," मी उभी राहिले. "हनुवटी मैंने पुसा. पाव से."

अरबाबला काही कळलं नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे नवव्या कपावर होते. मग मीच मान खाली दाबून, दोन्ही हातांनी माझी दुसरी हनुवटी पुढे आणून दाखवली, हा माल इथे होता म्हणून. मग बोटांनी पुसल्याचं करून दाखवलं. मग भुवईकडे बोट नेऊन पेन्सिलीचं दाखवलं. बोलता बोलता मला रडू यायला लागलं, आणि मी रडायला लागले की माझी हिंदी आणखी बिघडते. शेवटी हे बोलले. "शी रब्ड इट, सर. विथ ब्रेड."

अरबाब पुन्हा बसला.

"क्यों?"

"अच्छा नहीं दिखता था."

त्याने भिंतीकडे बघितलं. तिथे एक जाडी सरदारीण होती, तिला माझ्यापेक्षा एक हनुवटी जास्त. तिच्याकडे बघत तो आपल्या दाढीत हात घालून बराच वेळ चाचपत राहिला. म्हणाला, "मेरा भी है. अंदर है." आणि मास्तरांना म्हणाला, "यल्ला. अभी बनाओ."

चांदीच्या ताटलीतून त्यांची मोठी पातळ रोटी आली. मास्तरांनी तिच्या गोळ्या करून पुसायला सुरुवात केली. पण माझी भुवयांची पेन्सिल तेलकट, ती जाईना. पसरली मात्र, आणि पंचविशीच्या मला दाढी आली. मास्तरांनी कागद उचलला, क्षणभर धरला आणि उलटा केला. डक्टच्या नकाशाची बाजू वर. खिशातून खडूचे तीन तुकडे काढले. एक डोळा मिटला, हात ताठ केला.

या वेळी त्यांनी मला हलू नका म्हटलं नाही. मी हलतच होते, हुंदके येत होते. ना कॉलर, ना उशी, ना ज्ञानूचे हात. अर्धा तास नुसता खडूचा आवाज. झाल्यावर त्यांनी कागद माझ्याशेजारी ठेवला.

रडून सुजलेली बाई. लाल नाक, तीळ, दोन्ही हनुवट्या. पाठीमागून डक्ट असे वर गेलेले की त्या पुस्तकातल्या खांबांसारखे दिसत होते. एक भुवई तशाही अवस्थेत वर होती.

अरबाबने माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. "हाँ. ये है."

मास्तरांनी श्वास सोडला.

"लेकिन मेरा नहीं बनाना," अरबाब म्हणाला. "मैं भी मिटाएगा." आमच्या तिघांचे चेहरे पडले. तो माळ पुन्हा खिशातून काढत म्हणाला, "मेरा बड़ा भाई का आँख चला गया है. पहले उसका बनाओ. वो झगड़ा नहीं करेगा."

मास्तर सात वर्षं त्या घरी राहिले. आधी आंधळा भाऊ, मग मेव्हणे, मग चुलते. एकेक किराएदार भिंतीवरून उतरत गेला. शेवटी अरबाबही बसला म्हणे, दाढी थोडी लांब करा एवढ्या सूचनेवर. माझं चित्र मात्र त्याने परत दिलं नाही. मास्तरांच्या मुली शिकून नोकरीला लागल्या. सणासुदीला ते आमच्याकडे जेवायला यायचे, बटण तसंच लावलेलं. ब्रेडचा पुडा मी त्यांच्यासमोर कधी काढला नाही.

आणि ही गोष्ट मी सगळ्यांना सांगायला लागले. हळदीकुंकवाला, गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणाला. माझी चूक मी जरा झटपट सांगायची आणि मास्तरांच्या गप्प राहण्यापाशी आवाज खाली आणायची. कसे ते गालिच्याकडे बघत उभे होते, नोकरी गेली तरी चालेल पण जिच्या घरचं अन्न खाल्लं तिचं नाव घ्यायचं नाही. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. दरवर्षी मास्तर थोडे जास्त थोर होत गेले आणि ते गप्प राहिले तो वेळही वाढत गेला. ज्ञानू एकदा ऐकून म्हणाला, "वैनी, गेल्या साली त्ये पाचच मिनटं गप हुते." मी लक्ष दिलं नाही.

मास्तर आता नाहीत. त्यांच्या धाकट्या मुलीने वसईहून फोन करून कळवलं. शेवटची दोन वर्षं दिसत कमी होतं, पण समोर बसलेल्याच्या नाकाचं माप घेतल्यासारखा हात करायचे म्हणाली. मी फोन ठेवला आणि बराच वेळ सोफ्यावर बसून राहिले, काही न करता, तशी मी कधी बसत नाही.

ते गेले म्हणून आता खरं सांगायला हरकत नाही.

दोहा सोडून कायमचे वसईला निघाले, त्याच्या आदल्या दुपारी ते निरोप घ्यायला आले होते. जेवण झालं. हे झोपायला गेले. मी हात पुसत बाहेर आले आणि सात वर्षं त्यांना सांगायचं राहिलेलं बोलले. म्हटलं, "मास्तर, त्या दिवशी तुमचं सगळं पणाला लागलं होतं. तरी तुम्ही गप्प राहिलात, माझं नाव घेतलं नाहीत. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

मास्तर चपला घालत होते. थांबले. चष्म्यातून माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं, आता खडू काढतात की काय. मग म्हणाले,

"गप्प कुठे होतो, वहिनी? मी हिंदीत वाक्य जुळवत होतो. 'इस औरत ने' इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात तुम्ही बोललात."